अंगणाचे भाषांतर



30 सप्टेंबर 1993. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. गणपती बोळवून माणसे उशिरा घरी आली आणि निजली. पहाटे 3 वाजून 56 मिनिटांनी जमीन हलली. किल्लारी, सास्तूर आणि भोवतालची गावे ढिगारा झाली. लातूर आणि तेव्हाचा उस्मानाबाद, म्हणजे आजचा धाराशिव, या दोन जिल्ह्यांत मिळून सुमारे 8 हजार माणसे गेली. त्या दुःखावर पुष्कळ लिहिले गेले. मीही कविता लिहिल्या. आज मात्र मला त्यानंतरच्या बांधकामाविषयी बोलायचे आहे, आणि त्यात माझ्या हातून झालेल्या एका चुकीविषयी.

1994 साली जागतिक बँकेच्या कर्जातून राज्य सरकारने पुनर्वसनाचे मोठे काम हाती घेतले. 52 गावे नव्या जागी वसवायची आणि इतर शेकडो गावांतली घरे जागच्या जागी दुरुस्त करायची, असे ठरले. देशोदेशीची मदत आली. परराज्यांतल्या संस्थांनी, न्यासांनी गावे बांधून द्यायला घेतली. मी नुकताच बी. ए. झालो होतो. घरात दखनी, गल्लीत मराठी आणि कॉलेजात शिकलेली थोडी इंग्रजी एवढे भांडवल होते. तेवढ्यावर एका संस्थेत मला दुभाषाचे काम मिळाले.

पहिली बैठक पत्र्याच्या शेडमध्ये भरली. टेबलावर नव्या गावाचा नकाशा होता. सरळ रुंद रस्ते, चौकोनी प्लॉट, एका ओळीत घरे. दिल्लीकडचे वास्तुविशारद समजावून सांगत होते, शेजारी एक परदेशी बाई टिपणे घेत होत्या. मी मराठीत सांगे आणि माणसे माना डोलावत, "व्हय साहेब, चांगलं हाय." बाईंच्या वहीत नोंद झाली की गावाची संमती आहे. आपल्याकडे दारी आलेल्या पाहुण्याला, त्यातून मदत घेऊन आलेल्याला, तोंडावर नाही म्हणत नाहीत. त्या "व्हय"चा अर्थ "तुमचे ऐकले" एवढाच होता. हे मला कळत होते, पण मी ते सांगितले नाही. माझे काम शब्दांपुरतेच आहे, अशी माझी समजूत होती.

बैठक उठल्यावर एका म्हातारीने मला अडवले. "पोरा, ह्यात अंगण कुठं हाय?" मी साहेबांना विचारले. अंगणाला मी इंग्रजीत मोकळी जागा म्हणालो. ते हसून म्हणाले, मोकळी जागा तर भरपूर ठेवली आहे. खरेच होती, पण ती घराभोवती, रस्त्यावरून सगळी दिसणारी. श्रोतेहो, आमच्या वाड्यातले अंगण घराच्या पोटात असते. बाहेर ढेळज, आत चारी बाजूंनी खण आणि मधे आभाळ. तिथे कुरडया वाळतात, बाळंतिणीला ऊन मिळते, सुनेला डोक्यावरचा पदर घटकाभर विसरता येतो. माझ्या अम्मीला जे अंगण हवे होते, तेच शेजारच्या पाटलीणबाईंनाही हवे होते. माझ्या भाषांतरात ते हरवले आणि घरे बांधून झाली.

घराचे माप जमिनीवरून ठरले होते. भूमिहीन आणि 1 हेक्टरपर्यंतवाल्यांना 250 चौरस फूट, 1 ते 7 हेक्टरवाल्यांना 400 आणि त्यापुढे 750. कागदावर हिशेब चोख होता. पण काही ठिकाणी एका मापाची घरे एका बाजूला आली आणि पिढ्यान्‌पिढ्यांचा शेजार तुटला. रात्री दुखणे आले तर हाक मारायची कोणाला, हा प्रश्न नकाशात नव्हता.

सगळा दोष बाहेरच्यांचा होता, असे मात्र मी म्हणणार नाही. आमची माणसे दगडाला भ्याली होती. दगडाने माणसे मारली, आता फक्त सिमेंटचा स्लॅब द्या, असा हट्ट होता. इंजिनिअर सांगत होते की दगड गुन्हेगार नाही. मातीत रचलेल्या जाड भिंतीचे दोन थर एकमेकांत गुंतलेले नव्हते आणि डोक्यावर माळवदाचे ओझे होते. भिंतीत आरपार दगड घाला, दारा-खिडक्यांच्या वर सलग पट्टा बांधा, माती कमी करा, मग तेच घर टिकेल. हे ऐकायला आम्हाला वेळ लागला.

आणखी एक प्रसंग सांगतो. "जुनं गाव होतं तसंच हवं," असे कोणीतरी म्हणाले. तेव्हा मागे उभा असलेला दलित वस्तीतला एक तरुण म्हणाला, "म्हंजी आमी पुन्हा गावकुसाबाहेरच का?" शेड गप्प झाली. त्याचे बोलणे इंग्रजीत सांगताना माझा आवाज कापला. संस्कृती जपायची म्हणताना कोणाची सोय जपली जाते, हेही विचारावे लागते. परका माणूस तो प्रश्न विचारू शकतो, पण त्याच्या कानावर तो जायला तर हवा.

दुरुस्तीच्या कामात पुढे वेगळी वाट सापडली. तिथे घरधनी स्वतः काम करून घेत होता. स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेच्या मदतीने गावोगावी बायकांना संवाद सहायक म्हणून नेमले गेले. घराघरांत जाऊन त्या योजना समजावत आणि बायकांचे म्हणणे इंजिनिअरपर्यंत नेत. मी बैठकीत पुरुषांचे बोलणे ऐकत होतो. त्या चुलीपाशी बसून ऐकत होत्या, म्हणून त्यांना जास्त कळले. पुढे 2001 साली कच्छमध्ये भूकंप झाला, तेव्हा आपल्याकडच्या बायका तिकडच्या बायकांना अनुभव सांगायला गेल्या. तिथे बऱ्याच ठिकाणी घर बांधण्याचा पैसा आणि निर्णय घरमालकाच्या हाती दिला गेला. किल्लारीचा धडा त्यामागे होता.

आज परदेशी कर्जातून, परदेशी तंत्राने रेल्वे आणि मेट्रोची कामे आपल्या राज्यात चालू आहेत. आपली मुले आखाती देशांत इमारती बांधायला जातात. जिथे जिथे दोन मुलखांची माणसे एका नकाशावर वाकतात, तिथे माझे तीन अनुभव उपयोगी पडावेत. पहिल्या होकारावर काम सुरू करू नये, चार दिवसांनी पुन्हा विचारावे. बैठकीला जे येत नाहीत त्यांच्या दारात जावे. आणि दुभाषाला न बोललेलेही सांगण्याची मुभा द्यावी.

मध्यंतरी त्या गावात गेलो होतो. म्हातारी आता नाही. तिच्या सुनेने घराच्या बाजूला आधी पत्रे उभे केले होते, नंतर सवडीने विटांची भिंत घातली आणि आत एक खोली वाढवली. मधे जी जागा उरली तिथे तिने बाज टाकून मला चहा दिला. मी वर पाहिले. चौकोन लहान होता, पण आभाळ दिसत होते. "हे अंगण आमी मागनं केलं," ती म्हणाली. साहेबांना तेव्हा मी एवढेच दाखवायला हवे होते.