उतरायचं कुठं?

इटलीला पहिल्यांदा जायचं ठरलं, की रोमचं जाण्यायेण्याचं तिकीट काढून आपण मोकळे होतो. आम्हीही तेच करणार होतो. मग नकाशा पसरला. व्हेनिसहून रोम वेगवान गाडीनंही सुमारे चार तास. म्हणजे निव्वळ परतीच्या विमानासाठी अर्धा दिवस मागं यायचं! रजा दहा दिवसांची, त्यातले दोन नागपूरहून मुंबईमार्गे जाण्यायेण्यातच संपणार.

सौ. म्हणाली, "व्हेनिसला उतरू, रोमहून परतू." तिकीट जरा महाग पडलं, पण व्हेनिसहून फ्लॉरेन्स दोनेक तास, पुढं रोम दीड तास, सगळं एकाच दिशेनं. पिसाचा मनोरा मात्र गाळला. चिरंजीव अजून रुसलेले आहेत.

वाचलेला वेळ कॅसिनोसाठी. जुगाराचा अड्डा नव्हे हो, रोमच्या दक्षिणेचं गाव! तिथल्या युद्धस्मारकावर, १९४४ साली इटलीत धारातीर्थी पडलेले व्हिक्टोरिया क्रॉसचे मानकरी नाईक यशवंत घाडगे यांचं नाव कोरलेलं आहे. सासूबाईंचे वडील त्यांच्याच मराठा पलटणीत होते. त्यांनी एवढंच बजावलंय, "नावाचा फोटो स्वच्छ काढा."