कुकडीवरचा झुलता पूल

राळेगणसिद्धीला बरेच जण पाणलोटाची कामं पाहायला येतात. १९७५ नंतर अण्णा हजारे आणि गावकऱ्यांनी नालाबंधारे, पाझर तलाव उभारून पावसाचं पाणी अडवलं. ते सकाळीच पाहून घ्या आणि मग पारनेर तालुक्यातलंच निघोज गाठा.

तिथे कुकडी नदीवर झुलता पूल आहे, पायी चालणाऱ्यांसाठी. इकडचा काठ अहिल्यानगर जिल्ह्यातला, पलीकडे पुणे जिल्ह्यातलं टाकळी हाजी. मळगंगा देवीची मंदिरं दोन्ही काठांवर आहेत, त्यामुळे हा पूल भाविकांच्याही पायाखालचा.

पण खरं पाहायचं ते पुलाखाली. काळ्या बसाल्टच्या पात्रात रांजणासारखे खोल, गुळगुळीत खळगे पडले आहेत. साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा हा खडक. पुराच्या भोवऱ्यात सापडलेले दगडगोटे एकाच जागी गरगरत राहतात, खडक घासतात आणि खळगा खोल होत जातो. शेजारचे दोन खळगे वाढता वाढता एकमेकांत मिसळतात, तसं पात्र अरुंद घळीसारखं होतं. महाराष्ट्रात नदीची ही कारागिरी इतकी स्पष्ट क्वचितच दिसते, असं मला मनापासून वाटतं. शाळांच्या सहली इथे यायलाच हव्यात.

पाणी कमी असताना, हिवाळ्यात किंवा उन्हाळ्यात जा. पूल खुला आहे का, हे आधी गावात विचारा. पुलावर गर्दी करू नका, आणि खळग्यांच्या निसरड्या कडेवर मुलांना एकटं सोडू नका.