आधी फुंकर, मग पेपर

मी बोईसरला राहते. माझा मुलगा यंदा दहावीला आहे. तो दुसरीत असताना डॉक्टरांनी एडीएचडीचं निदान केलं. म्हणजे लक्ष टिकत नाही आणि अंगात चंचलता फार. त्याची आम्हाला सवय झाली. पण नववीत त्यात भीतीची भर पडली. परीक्षा आली की हात थंड, पोटात गोळा, छातीत धडधड. २०१८च्या नोव्हेंबरपासून डहाणू-तलासरीकडे भूकंपाचे धक्के बसू लागले, तेव्हा तिथल्या अनेकांनी ही धडधड अनुभवली. माझ्या मुलाला ती गणिताच्या पेपरला व्हायची. सहामाहीला येत असलेली उदाहरणंही त्याने कोरी सोडली.

"शांत बस, दीर्घ श्वास घे," असं मी त्याला ओरडून सांगायची! तो आणखीच बिथरायचा. ज्याला दोन मिनिटं एका जागी बसवत नाही, त्याला मांडी घालून डोळे मिटायला लावणं ही शिक्षाच होती.

पालघरच्या एका समुपदेशक ताईंनी वेगळी वाट दाखवली. चार आकडे मोजत नाकाने श्वास आत, सहा मोजत हळूच बाहेर. गरम चहावर फुंकर घालावी तसा. श्वास सावकाश सोडला की हृदयाचे ठोके मंदावतात आणि मन निवळू लागतं. श्वास कोंडायचा नाही, गरगरलं तर थांबायचं.

आम्ही हे चालता चालता केलं. डहाणू लोकलची वाट पाहताना फलाटावर चार पावलं श्वास आत, सहा पावलं बाहेर. तेही रोज, मन निवांत असताना. तहान लागल्यावर विहीर खणून काय उपयोग? लोणावळ्याच्या कैवल्यधाममध्ये १९२४पासून प्राणायामाचा शास्त्रीय अभ्यास होतो आहे. आपण मात्र तो आजी-आजोबांपुरताच ठेवला.

एक सांगते, श्वासाने एडीएचडी बरा होत नाही. चालू असलेलं औषध डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करू नका. भीती आवरेनाशी झाली, तर १४४१६ या टेलि-मानसच्या क्रमांकावर मोफत बोलता येतं.

पूर्वपरीक्षेहून तो घरी आला. म्हणाला, "आई, धडधडलं गं. पण आधी फुंकर घातली, मग पेपर उघडला." गुण मी विचारले नाहीत. एकही उदाहरण कोरं सोडलं नव्हतं, एवढं मला पुरेसं होतं.