लेडी मार्गारेटचे कॉलेज
(मंडळाच्या वाचनसभेत केलेले भाषण)



या खेपेला वाचनसभेत मी बोलावे असे ठरले, तेव्हा विषय कोणता घ्यावा हेच मला सुचेना. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. लोणच्या-पापडांवर बोला म्हणाल तर तासभर बोलेन, पण ते तुम्हां सर्वांना मजपेक्षा चांगले येते. मग शाळेतली एक गोष्ट आठवली. आमच्या गुरुजींनी रँग्लर परांजप्यांची हकीकत सांगितली होती. दापोलीकडच्या मुर्डी गावचा मुलगा विलायतेस केंब्रिजला जातो आणि १८९९ साली गणिताच्या परीक्षेत सीनिअर रँग्लर होतो! गोष्ट तेथेच संपली. तो मुलगा ज्या कॉलेजचा विद्यार्थी होता ते कॉलेज कसले, तेथे मुले कशी राहात, कोठे जेवत, देवाधर्माचे काय करीत, हे गुरुजींनी सांगितले नाही आणि आम्हीही विचारले नाही. यंदा मी वाचनालयातून पुस्तके आणली, इंग्रजी भाग मुलीकडून वाचून घेतला आणि वहीत टिपणे केली. ती आज तुमच्यापुढे ठेवते.

त्या कॉलेजाचे नाव सेंट जॉन्स. आपण कॉलेज म्हणतो ते सकाळी जाऊन दुपारी परत येण्याचे ठिकाण. केंब्रिजचे तसे नाही. तेथे परीक्षा घेणे आणि पदवी देणे विद्यापीठाकडे. मुलांनी राहावयाचे, जेवावयाचे, प्रार्थना करावयाची ती कॉलेजात. आपल्याकडचा जुना चौसोपी वाडा डोळ्यांपुढे आणा. भला थोरला दरवाजा, आत चौक, चौकाच्या भोवती जिने आणि जिन्याजिन्यांवर मुलांच्या खोल्या. एका बाजूला भोजनाचे दालन, तेथे लांबच लांब टेबलांशी सर्वांची पंगत. आपण पंगतीला श्लोक म्हणतो, तसा तेथे जेवणापूर्वी लॅटिन भाषेतला मंत्र म्हणतात. फेलो म्हणजे कॉलेजचे मानकरी विद्वान. त्यांचे टेबल वेगळे. आणि चौकाच्या एका अंगाला प्रार्थनेचे मंदिर, त्याला चॅपेल म्हणतात. एक चौक अपुरा पडला म्हणून पुढे दुसरा बांधला, तिसरा बांधला, नंतर नदीपलीकडेही इमारती गेल्या.

आता मला सर्वांत नवलाची वाटलेली गोष्ट सांगते. हे कॉलेज एका बाईने काढलेले आहे. तिचे नाव लेडी मार्गारेट बोफर्ट. जन्म १४४३ चा. बाराव्या वर्षी तिचे लग्न झाले. पहिले मूल व्हायच्या आतच नवरा वारला. आणि तेराव्या वर्षी, विधवा असताना, तिला मुलगा झाला. पुढे तिला दुसरे मूल झालेच नाही. मुलीने हे वाचून दाखवले तेव्हा मी हातातली भाजी बाजूला ठेवली. विलायतेतल्या राजघराण्यांतही असे चालत होते, हे माझ्या स्वप्नातही नव्हते. तोच मुलगा पुढे सातवा हेन्री म्हणून इंग्लंडचा राजा झाला. नातीला लहानपणीच स्कॉटलंडच्या राजाकडे सासरी पाठवावयाचे घाटत होते, तेव्हा या आजीने आणि मुलीच्या आईने मिळून विरोध केला. स्वतः भोगलेले ती विसरली नव्हती.

तिने केंब्रिजमध्ये आधी १५०५ साली क्राइस्ट्स कॉलेज उभे केले. दुसऱ्या कॉलेजाचा संकल्प होता, पण १५०९ साली ती वारली. तिचा सल्लागार बिशप जॉन फिशर याने राजदरबारी खटपट करकरून १५११ साली सेंट जॉन्सची सनद मिळविली. नातू आठवा हेन्री तोवर गादीवर बसला होता. आजीच्या जमिनी कॉलेजाला मिळू देण्यास तो काही फारसा उत्सुक नव्हता. इस्टेटीच्या बाबतीत सगळीकडे सारखेच! आजही कॉलेजच्या दरवाजावर तिचे राजचिन्ह कोरलेले आहे: दोन बाजूंना हरणासारख्या अंगाची, हत्तीसारख्या शेपटीची काल्पनिक जनावरे, आणि मध्ये फुले. त्यांत डेझीची फुले आहेत, कारण त्या फुलाचे एक नाव मार्गारेटच.

आणि त्या दरवाजातून पदवीच्या वर्गाची विद्यार्थिनी म्हणून बाई आत जाऊ शकली ती केव्हा? याचे उत्तर थोडे पुढे देते. आधी चॅपेलाकडे वळू.

कॉलेजच्या जागी पूर्वी एक धर्मार्थ रुग्णालय होते. त्याचेच जुने प्रार्थनामंदिर कॉलेजाने साडेतीनशे वर्षे वापरले. मग मोठे बांधावयाचे ठरले. जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट या शिल्पकाराने आराखडा केला आणि १८६९ साली नवे चॅपेल तयार झाले. त्याचा मनोरा १६३ फूट उंच आहे. मनोरा मूळ बेतात नव्हता. एका श्रीमंत माजी विद्यार्थ्याने सांगितले की मनोरा बांधा, मी एवढे रोख देतो आणि पुढे वर्षाला हजार पौंड देत जाईन. काम सुरू झाले आणि तो गृहस्थ आगगाडीच्या अपघातात दगावला. मनोरा कॉलेजच्या अंगावर पडला. म्हणजे त्याचा खर्च हो! वर्गणीची वही घेऊन जी हिंडली आहे, तिला यातले दुःख निराळे सांगावयास नको.

सत्र चालू असताना तेथे बहुतेक रोज संध्याकाळी प्रार्थना गायिली जाते. लहान मुले वरच्या पट्टीत गातात, कॉलेजचे विद्यार्थी खालच्या पट्टीत, साथीला ऑर्गन. गाणारी लहान मुले कॉलेजच्याच शाळेत शिकतात. सकाळी अंकगणित, संध्याकाळी स्तोत्रे.

आज तेथे प्रार्थनेला ज्याला यावयाचे त्याने यावे. पूर्वी तसे नव्हते. हजेरी लागे आणि चुकले की शिक्षा. कवी वर्ड्‌स्वर्थ याच कॉलेजचा विद्यार्थी. या सक्तीचा त्याला इतका वीट आला की त्याने आपल्या दीर्घ काव्यात त्यावर कडक ओळी लिहिल्या आहेत. आणि गंमत अशी की, त्याचाच सख्खा भाऊ शेजारच्या ट्रिनिटी कॉलेजाचा मुख्य झाला व त्याने ही सक्ती आणखी आवळली! थर्लवॉल नावाच्या तेथल्या शिक्षकाने १८३४ साली छापून सांगितले की सक्तीच्या प्रार्थनेने धर्म वाढत नाही. त्याची शिक्षकाची जागा गेली. तो पुढे बिशप झाला, हे विशेष. १८३८ साली ट्रिनिटीत हुकूम निघाला की प्रत्येक विद्यार्थ्याने आठवड्यात आठ वेळा चॅपेलात आलेच पाहिजे, रविवारी दोनदा आणि इतर दिवशी एकदा. तेव्हा मुलांनी काय केले? 'विद्यार्थ्यांवरील क्रूरपणा निवारक मंडळी' स्थापन केली आणि फेलो लोक स्वतः किती वेळा येतात याची हजेरी मांडून दर आठवड्यास छापून वाटली. हुकूम काढणाऱ्यांचीच हजेरी कमी भरली. सर्वांत नियमित येणाऱ्या फेलोला मुलांनी बक्षीससुद्धा दिले!

हे वाचून मी हसले, आणि मग हसू मावळले. कारण आपल्या मंडळाच्या अभ्यासिकेत संध्याकाळच्या प्रार्थनेला हजेरी लावावी, आणि आठवड्यात तीनदा गैरहजर राहणाऱ्या मुलीची जागा दुसरीला द्यावी, असा ठराव पुढच्या बैठकीत येणार आहे. तो आणणाऱ्या भगिनींचा हेतू चांगला आहे. मुलींना वळण लागावे एवढाच. परंतु पलीकडच्या गल्लीतल्या दोन मुली दुसऱ्या धर्माच्या आहेत. घरी दहा बाय दहाची खोली आणि सहा माणसे. त्या दिवा लागला की खुर्ची बाहेर घेऊन बसतात आणि प्रार्थना संपली की आत येतात. ठरावाची कुणकुण लागल्यापासून त्या येईनाशा झाल्या आहेत. दहावीचे वर्ष आहे त्यांचे. माझे मत हजेरीच्या विरुद्ध आहे, आणि ते मी येथे उघड सांगते, म्हणजे बैठकीत कोणाला ते नवे वाटू नये.

केंब्रिजला हे कोडे सुटण्यास फार वर्षे लागली. हजेरी ही तर धाकटी अडचण होती. इंग्लंडच्या सरकारी पंथावर आपली श्रद्धा आहे असे लिहून दिल्याशिवाय पदवी वा मानाची जागा मिळत नसे. मुलगा हुशार, पहिला आलेला, पण ज्यू किंवा निराळ्या पंथाचा, की अडलाच. १८७१ साली पार्लमेंटने कायदा करून ही अट काढून टाकली. चॅपेलातल्या प्रार्थना होत्या तशाच चालू राहिल्या, मनोरा काही खचला नाही. त्यानंतर पंचवीस वर्षांनी, १८९६ साली, आपले रघुनाथराव परांजपे तेथे गेले. तो कायदा झाला नसता तर ते गणितात पहिले आले असते तरी कॉलेजाचे फेलो होणे कठीणच होते. ते झाले. आणि ते ख्रिस्ती नव्हते एवढेच नव्हे, तर पुढे साऱ्या हिंदुस्थानात कट्टर बुद्धिवादी म्हणून गाजले. कोणत्याच देवापुढे हात जोडणारे ते गृहस्थ नव्हते!

आता बायकांचे. पहाटे खोल्या झाडावयास, बिछाने घालावयास बायका कॉलेजात शतकानुशतके येत होत्याच. त्यांना कोणी अडवले नाही. अडवले ते पुस्तक हातात घेऊन येणारीला. १८९७ साली स्त्रियांना पदवी द्यावी की नाही यावर केंब्रिजमध्ये मतदान झाले, तेव्हा विरोधी विद्यार्थ्यांनी सायकलवर बसलेल्या बाईचा पुतळा भररस्त्यात वर टांगला. परांजपे त्या वेळी तेथेच शिकत होते. ठराव पडला.

त्यांची मुलगी शकुंतलाबाई. तीही गणित शिकण्यास केंब्रिजलाच गेली, पण वडिलांच्या कॉलेजात तिला जागा नव्हती. ती न्यूनम या बायकांच्या कॉलेजात राहिली. ते कॉलेज १८७१ चे, त्याच कायद्याच्या वर्षीचे. आणि तेथे मुद्दामच चॅपेल बांधलेले नाही. कोणत्याही पंथाच्या मुलीला परके वाटू नये म्हणून. १९२९ साली ती परीक्षा उत्तीर्ण झाली. पुरुषांसारखी पूर्ण पदवी मात्र केंब्रिजने बायकांना १९४८ पर्यंत दिली नाही. संततिनियमनाच्या कार्यात ज्या शकुंतलाबाई परांजपे र. धों. कर्व्यांच्या बरोबरीने उभ्या राहिल्या, त्याच या.

आणि सेंट जॉन्स? मघाशी विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर १९८२. पदवीच्या वर्गात मुली त्या वर्षी आल्या. बाईने काढलेल्या कॉलेजात मुलींनी पदवीच्या वर्गात शिकावयास ४७१ वर्षे! ही वजाबाकी मी दोनदा करून पाहिली.

चॅपेलातले गाणे त्याहूनही उशिरा उघडले. तेथे एक जुनी चाल आहे. मनोऱ्याच्या माथ्यावर गायिलेले खाली ऐकू येणेच शक्य नाही, असे लार्मर नावाच्या मोठ्या शास्त्रज्ञाने ठासून सांगितले होते. गायनप्रमुखाने वाद घातला नाही. १९०२ साली येशूच्या स्वर्गारोहणाच्या सणाला त्याने गाणाऱ्यांना गुपचूप वर नेले आणि दुपारी बाराला गाणे सुरू केले. लार्मरसाहेबांनी खिडकी उघडून पाहिले म्हणतात. तेव्हापासून त्या सणाला मनोऱ्यावरून गातात. आणि २०२२ सालापासून त्या गायकवृंदात मुलींना घेऊ लागले आहेत.

अध्यक्षाबाईंनी घंटी वाजवली. वही माझ्याजवळ आहे. कोणाला पाहावयाची असल्यास जरूर न्यावी, अक्षर मात्र सांभाळून घ्यावे.