डॉ. कमल रणदिवे यांचे संशोधन आणि आपली कुटुंबे
(मंडळाच्या आरे कॉलनीतील वार्षिक स्नेहसंमेलनात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



संमेलन यंदा आरे कॉलनीत भरावयाचे ठरले, तेव्हाच आमचा विषय निश्चित झाला. मुंबईकरांस शुद्ध दूध मिळावे म्हणून शहरातील म्हशींचे गोठे हलवून १९४९ साली ही वसाहत उभारण्यात आली. त्याच १९४९ साली मुंबई विद्यापीठाने एका मराठी विदुषीस पेशीविज्ञानात डॉक्टरेट दिली. आणि तिच्या पुढील संशोधनातही दुधाचेच प्रकरण मोठे आहे.

त्या डॉ. कमल रणदिवे, माहेरच्या समर्थ. जन्म पुण्याचा, ८ नोव्हेंबर १९१७. वडील फर्ग्युसन महाविद्यालयात जीवशास्त्राचे अध्यापक; शाळा हुजूरपागा. मुलीने डॉक्टर व्हावे आणि डॉक्टरच वरावा, ही वडिलांची इच्छा. मुलीने अभ्यासास वनस्पती निवडल्या आणि पती निवडला तो गणिती! त्यांची ज्ञाती कोणती, अशी पृच्छा एका गृहस्थांनी आमच्याकडे केली. ती चौकशी आम्ही केली नाही.

विवाहानंतर मुंबईस येऊन त्यांनी टाटा स्मारक रुग्णालयात डॉ. वसंत रामजी खानोलकर यांच्या मार्गदर्शनाखाली काम केले. पुढे बाल्टिमोर येथे डॉ. जॉर्ज गाय यांच्याकडे शरीराबाहेर पेशी वाढविण्याची विद्या त्या शिकल्या, आणि परतल्यावर परळच्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात तिची प्रयोगशाळा उभी केली. १९६६ ते १९७० त्या केंद्राच्या प्रभारी संचालिका होत्या. १९८२ साली पद्मभूषण मिळाले.

आता दुधाकडे वळू. उंदरांच्या काही जातींत माद्यांस स्तनाचा कर्करोग पिढ्यान्‌पिढ्या होतो. हा रक्ताचाच दोष, असे कोणीही म्हणेल. परंतु १९३६ साली अमेरिकेत डॉ. बिटनर यांनी अशा मातेची पिले जन्मताच निरोगी जातीच्या मादीजवळ पाजावयास दिली. तो रोग त्या पिलांत पुष्कळ उणावला! म्हणजे मातेच्या दुधातूनही काही जात होते. तो एक विषाणू होय, हे मागाहून कळले. कमलाबाईंनी मुंबईत उंदरांवरच अनेक वर्षे प्रयोग केले, आणि आनुवंश, शरीरातील अंतःस्राव व विषाणू या तिहींचा संबंध दाखविणाऱ्या आरंभीच्या संशोधकांत त्यांची गणना होते.

येथे भगिनींनी घाबरून जाऊ नये. ही गोष्ट उंदरांची. परळच्या संशोधकांनी अमेरिकन शास्त्रज्ञांसह पारशी स्त्रियांच्या दुधातही तसले कण शोधले, व १९७१ साली ते वृत्त प्रसिद्ध झाले. परंतु मनुष्यात अशा विषाणूने हा रोग होतो, हे आजवर सिद्ध झालेले नाही. उलट, अंगावर पाजणाऱ्या मातेस स्तनाच्या कर्करोगाचा धोका काहीसा कमीच असतो.

पारशीच का? त्या समाजात हा रोग अधिक आढळे, आणि समाज लहान, आपसात विवाह करणारा. हे ऐकून आपल्या मंडळातील वडीलधाऱ्यांनी थोडे सावरून बसावे!

१९९४ व १९९५ साली ज्यांचा नेमका शोध लागला, त्या बी.आर.सी.ए. नावाच्या दोन जनुकांतील दोष हा रोग कुटुंबात आणतो. शंभर रोगिणींत अशा आनुवंशिक पाच ते दहाच. शिवाय तो दोष मातेकडून येतो तसा पित्याकडूनही येतो, आणि अपत्यात उतरण्याची शक्यता निम्मी असते. उतरला तरी रोग होईलच असे नाही. तेव्हा ‘मुलीची आई त्या रोगाने गेली’ एवढ्यावरून स्थळ नाकारणाऱ्याने स्वतःच्या आत्याचे काय झाले हेही विचारावे.

मंडळाच्या वधूवर नोंदवहीत ‘घराण्यातील मोठे आजार’ असा एक रकाना आहे. नोंदवही आमच्याकडे असते, म्हणून सांगतो : त्यात सर्वत्र ‘नाही’ हाच शब्द आहे. इतके निरोगी घराणे पृथ्वीवर नसावे! तो ‘नाही’ खरा ठरविण्यासाठी स्तनातील गाठ कन्येचे लग्न उरकेपर्यंत कोणास न दाखविणाऱ्या माता आम्हांस ठाऊक आहेत. लवकर दाखविलेली गाठ बहुधा बरी होते. लपविलेलीचे तसे नसते.

तो रकाना काढावा आणि पुढील संमेलनास तपासणीकरिता स्त्री-डॉक्टर बोलवावी, असा ठराव आम्ही कार्यकारी मंडळाकडे दिला आहे. दोन सभासदांची रकान्याविषयी हरकत आहे. तपासणीस हरकत कोणाचीच नाही. इच्छुक भगिनींनी आपली नावे चिटणिसांकडे द्यावीत.