अंग आंबलं म्हणजे काय झालं?

कराटेच्या क्लासच्या दुसऱ्या दिवशी जिना उतरणं काय असतं, हे मला वयाच्या ४५व्या वर्षी कळलं. लेकीला क्लासला सोडायला जायचे. तासभर कट्ट्यावर बसून राहण्यापेक्षा आपणही शिकावं, म्हणून नाव घातलं. पहिल्याच आठवड्यात मांड्या अशा भरून आल्या, की खुर्चीत बसतानाही 'आई गं' निघायचं. सासूबाई म्हणाल्या, "काही नाही, अंग आंबलंय."

क्लासमध्येही तेच ऐकलं. स्नायूंत लॅक्टिक आम्ल साचतं, पाय ताणले की निघून जातं! दही आंबट होतं, तेही याच आम्लामुळे. म्हटलं, आपला शब्द आणि शास्त्र चांगलं जुळलं. मग काय, मी चेवानं ताणू लागले. एका सकाळी ठणकत्या पायांनी, हिसके देत पायाची बोटं धरायला गेले, आणि मांडीच्या मागे सणकन कळ आली. स्नायू दुखावला. ६ आठवडे क्लास बंद. लेकीनं पिवळ्या पट्ट्याची परीक्षा दिली, तेव्हा मी प्रेक्षकांत बसले होते.

त्या काळात फिजिओथेरपिस्ट बाईंनी माझा गैरसमज दूर केला. व्यायामात वाढलेलं ते आम्ल साधारण तासाभरात ओसरतं. दुखणं मात्र दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जोर धरतं. कारण वेगळंच असतं. खाली बसत पवित्रा घेताना, झाडलेली लाथ आवरताना स्नायू ताणला जात असतानाच भार पेलतो. त्यात त्याच्या तंतूंना बारीक इजा होते. ती आपोआप भरून येते आणि स्नायू अधिक कणखर होतो. ताणण्यानं हे दुखणं जवळजवळ कमी होत नाही. कॉक्रेन संस्थेनं २०११मध्ये १२ अभ्यास एकत्र तपासले, तेव्हाही हाच निष्कर्ष निघाला.

मग ताणायचंच कशाला? लवचिकपणासाठी. क्लासनंतर स्नायू गरम असतात, सहज लांबतात. श्वास खाली बसतो. कुठली बाजू जास्त ओढली गेलीय, तेही कळतं.

माझा क्रम सोपा आहे. आधी ५ मिनिटं सावकाश चालायचं. मग भिंतीला हात टेकून पोटऱ्या. उताणं झोपून, तळव्याला टॉवेल अडकवून मांडीची मागची बाजू. आणि पुढच्या बाजूसाठी वज्रासन. क्लास संपताना डोळे मिटून बसतो, ती जपानी बैठक म्हणजे आपलं वज्रासनच की! गुडघे दुखत असतील, तर मात्र ते टाळावं. प्रत्येक ताण २०-३० सेकंद, हिसका न देता. ओढ जाणवली पाहिजे, कळ येता कामा नये.

दोन्ही पाय सारखे जड झाले असतील, तर हलकं चालावं, नीट जेवावं, पुरेसं झोपावं. पण एकाच जागी कळ असेल, सूज किंवा काळंनिळं दिसलं, तर ताणू नका, डॉक्टरांना दाखवा. हा फरक मला आधी कळला असता, तर परीक्षा चुकली नसती.

पुढच्या खेपेला मीही पिवळा पट्टा मिळवला. आता क्लास सुटल्यावर लेक चपला घालून दारात उभी असते, "आई, चल ना!" म्हणत. मी मात्र माझी दहा मिनिटं सोडत नाही.