आभाळातला दगड आणि मजुराची साक्ष



खगोलशास्त्रावर बोलण्याचा माझा अधिकार नाही. आयुष्य कामगार चळवळीत गेले. जे शिकलो ते युनियनच्या कचेरीत रात्री वाचून. परंतु हा विषय आमच्या माणसांच्या जवळचा आहे. शुक्राहून तेजस्वी अशी उल्का मध्यरात्री आभाळ उजळून जाते, तेव्हा ती पाहतो कोण? रातपाळीचा कामगार, पहारेकरी, पिकाला पाणी देणारा शेतकरी. त्यांच्या शब्दाला किंमत किती, हा आजचा प्रश्न आहे.

१७६८ साली फ्रान्समध्ये ल्यूसे येथे मोठा आवाज होऊन एक दगड पडला. शेतावरच्या मजुरांनी तो पडताना पाहिला. पॅरिसच्या विज्ञान अकादमीने समिती नेमली. तीत लव्हाझिएसारखा थोर रसायनशास्त्रज्ञ होता. निर्णय काय? दगड जमिनीतलाच, त्यावर वीज पडली असावी! दगडाचे पृथक्करण झाले. साक्षीदारांचे म्हणणे मात्र बाजूला राहिले.

१७९४ साली क्लाड्नी या जर्मन पंडिताने, असे दगड अवकाशातून येतात, असे ग्रंथ लिहून मांडले. पुष्कळांनी ते हसण्यावारी नेले. मग २६ एप्रिल १८०३ रोजी नॉर्मंडीत लेग्ल गावाजवळ भरदिवसा अग्निगोल दिसला, गडगडाट झाला आणि सुमारे ३००० दगड पडले. सरकारने २९ वर्षांच्या बिओला चौकशीस पाठविले. तो गावोगाव हिंडला. निरनिराळ्या धंद्यांतल्या, एकमेकांना न ओळखणाऱ्या माणसांच्या हकीकती त्याने ताडून पाहिल्या. त्या भागातल्या लोखंडाच्या भट्ट्या व खाणी पाहिल्या. तसला दगड कोठेच नव्हता. दगड सापडल्याच्या जागा नकाशावर मांडल्या, तेव्हा सुमारे दहा किलोमीटर लांबीचा लंबगोल उमटला. शंकेला जागा उरली नाही.

मंडळी, चौकशी समित्या मी पुष्कळ पाहिल्या. तेथे साक्षीदाराचा हुद्दा आधी विचारतात, हकीकत नंतर. बिओने आधी हकीकत ऐकली.

पण साक्ष माना म्हणणाऱ्याने ती नीट द्यायलाही शिकले पाहिजे. अग्निगोल दिसला तर आपली जागा, घड्याळातली वेळ, तो कोणत्या झाडावरून वा छपरावरून कोठवर गेला, हे लगेच टिपा. आवाजाला एक किलोमीटर यायला सुमारे तीन सेकंद लागतात. म्हणून मनात अंक मोजत राहा. दीड मिनिटाने गडगडाट ऐकू आला, तर स्फोट सुमारे तीस किलोमीटरवर झाला. दोन गावांच्या अशा नोंदी जुळल्या की उल्केची उंची काढता येते. त्यासाठी दुर्बीण लागत नाही, पदवीही लागत नाही. पाहिले तेवढेच सांगावे, पदरचे काही घालू नये, एवढे पुरे.